बाही चढवताना

टाचणी वाकडी निघाली. ओठांत धरल्यावर कळलं तिला — बाकीच्या पाच सरळ, ही एकच जिभेला टोचणारी — पण आता काढणार कशी, दोन्ही हातांत मारियामातेच्या मूर्तीचे हात होते. लाकडी, मनगटापासून फिरवून काढलेले, करंगळीचा रंग उडालेले. ते काढल्याशिवाय बाही चढत नाही हे अख्ख्या गावात दोघींनाच ठाऊक होतं, आईला आणि तिला. आई तर गेली. तिने हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले.

चेहरा आणि हात, बस्स, एवढंच कोरलेलं. गळ्याखाली नुसत्या पट्ट्या, खुर्चीच्या पाठीला असतात तशा. बाहेर बोलायचं नाही, आई सांगायची. म्हणून तर टाचण्या तोंडात, वेदीमागच्या या खोलीला कडी, आणि झगा बदलून होईपर्यंत अवाक्षर नाही. एकोणीस वर्षं गाव या झग्याच्या काठाला डोकं टेकवत होतं आणि मी... मी तो काठ आतून दुमडत होते, शाळेचे गणवेश शिवून उरलेल्या दोऱ्याने.

आणि परवा वहिनी भांडी विसळता विसळता म्हणाली, या खेपेला तू नको. नवरा सोडून आलेल्या बाईने मातेला हात लावायचा, लोक तोंडात शेण घालतील. बेकरीवालीला सांगितलंय. तू आधी फादरांकडे जा, पापकबुली दे, चुकले म्हण, नांदायला परत जाते म्हण, मग बघू... चुकले! काय चुकलं? अकरा वर्षं तो रोज विचारायचा, कुठे गेली होतीस, आणि अकरा वर्षं ती रोज सांगायची — दुकानात, आईकडे, चर्चमध्ये, अजून कुठे मरायला जाणार — आणि एका सकाळी तिला उत्तर द्यायचा कंटाळा आला. पिशवी भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. याची कबुली द्यायची तर द्यायची कशी, कंटाळा हे पाप कुठल्या खात्यात बसतं?

दार उघडलं. कडी घालायची ती विसरली होती. विसरली कसली, घातलीच नव्हती.

"किल्ली तू दिलीच नाहीस," म्हणत वहिनी आत आली, तिच्यामागे बेकरीवाली. मग दोघींची नजर वर गेली.

"अगंबाई," बेकरीवाली हळूच म्हणाली, "खाली काहीच नाही?"

"झाक ते. आधी झाक," वहिनी म्हणाली.

झाकता आलं असतं. झगा हाताशीच होता. तिने एकेक करून टाचण्या ओठांतून काढल्या, वाकडीसुद्धा, आणि या खोलीत पहिल्यांदाच बोलली. "नाही झाकत. पहिल्यापासून अशीच आहे ती."

वहिनीचा आवाज उतरला. वाईट बाई नव्हती ती, हीच तर पंचाईत. "फादर बाहेर थांबलेत. जा, दोन शब्द बोल. हे काम तुझ्याकडेच राहील, मी जबाबदारी घेते. हट्टापायी हातचं घालवू नकोस."

दोन शब्द... आणि हे काम तिला हवं होतं, जीव तोडून हवं होतं. ते गेलं की गणवेशांच्या बाह्या उरणार, शंभर, दोनशे, सगळ्या एका मापाच्या. क्षणभर ती उठलीच असती. पण समोर तो चेहरा, उघड्या पट्ट्यांवर, इतका निवांत — लाज नाही, घाई नाही, कुणाची माफी नाही.

"हे बसवतात कसे?" बेकरीवाली टॉवेलाकडे बघत होती. वहिनीने तिला कोपराने ढोसलं, पण ती तिथून हलली नाही.

सांगितलं की संपलं, मग कुणीही करील. तिला हे कळत होतं, चांगलं कळत होतं. "बस इथे," ती म्हणाली. "आधी बाही चढव. मग डावा हात, उलटा फिरवायचा. जोर लावू नकोस, आपोआप बसतो."

"मग फादरांना मी सांगू काय?" वहिनी दारातून म्हणाली.

"सांग, ती चुकले म्हणत नाही."

वहिनी गेली. बेकरीवाली बाहीशी झटत होती, जीभ दातांत धरून. मी दर वेळच्या भीतीची वाट बघत बसले, आणि ती यायलाच तयार नव्हती.