दिवेघरातली मोजणी

सभा सुरू होण्याआधीच शिवणवाली येऊन बसली होती. आज दिवेघराचा निकाल लागायचा होता. खाण चालू होती तेव्हा खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला इथल्या खिडकीतून दिवा मिळायचा, आणि वर आला की त्याने तो इथंच परत द्यायचा. खाण बंद पडली, दिवे भंगारात गेले, उरली ही लांबलचक खोली. ती पाडून गाड्या लावायला मैदान करायचं की तिथं दवाखाना काढायचा, हे वस्तीनेच ठरवायचं होतं.

शिवणवालीला दवाखाना हवा होता. तिचा नवरा खाणीच्या धुळीने खोकून खोकून अर्धा झाला होता, आणि इस्पितळ दोन बस बदलून. परवा तर तो अर्ध्या वाटेतूनच परत आला. म्हणाला, "मरायचंच तर घरी मरतो." असल्या माणसाला काय बोलणार, कपाळ!

सभा घ्यायला आलेली सरकारी योजनेची बाई मात्र उत्साहाने नुसती उतू चालली होती. "तुम्हीच पुढाकार घ्यायचा, तुम्हीच ठरवायचं!" असं म्हणत तिने स्वतःचा हात उंच केला. "दवाखाना कुणाकुणाला हवा?"

पहिल्या रांगेत शिवणवालीचे सासरे बसले होते. अख्खी वस्ती त्यांना मुकादम म्हणायची. खाण गेली तरी मुकादमकी गेली नव्हती. कानांनी अधू. बाईचा हात वर गेलेला दिसला, तसा त्यांनीही केला. झालं! मागची सगळी खोली हात वर.

बाईचे डोळे भरून आले. शिवणवालीचा जीव भांड्यात पडला. पण बाई नियमाची पक्की. "आणि पाडून मैदान कुणाला हवं?" पुन्हा तिचा हात वर. पुन्हा मुकादमांचा, पुन्हा सगळ्यांचे.

"अहो, दोन्ही कसं चालेल?" बाई रडकुंडीला आली. "आज कौल मिळाला नाही, तर पाडायचा हुकूम आहेच."

आता यात वस्तीचं तरी काय चुकलं? पाळी संपली की खाली मुकादम हात वर करायचा, सगळ्यांनी करायचा, तो मोजायचा, आणि आकडा जुळला तरच माणसं वर यायची. त्याचा हात वर आणि तुझा खाली, म्हणजे तू ढिगाऱ्याखाली. हे ज्यांच्या अंगात भिनलंय, त्यांना मत कसलं विचारता?

"मुकादम म्हणतील ते," मागून चहावाला म्हणाला, आणि माना हलल्या.

शिवणवाली उठली, बसली, पुन्हा उठली. "बस गं, काय अंगात आलंय?" शेजारीण कुजबुजली. पण आता बसवतंय कुणाला? ती थेट सासऱ्यांपाशी गेली. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे तिने आवाज चढवला नव्हता, आणि आज त्यांच्या कानाशी ओरडावं लागलं. म्हणजे ऐकायला गाव!

"मामंजी, जरा बाहेर बसा! तुम्ही समोर असलात की कुणी स्वतःचं मत देत नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, काठी घेतली, उठला. दारात थांबून म्हणाला, "मग मोजणार कोण?"

"मी मोजते," ती म्हणाली.

बाईने पुन्हा विचारलं, तर एकही हात वर होईना. सगळे आपले त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतायत. "तिकडं काय बघता? डोकं आपापलं आणलंय ना?" ती खेकसली. तेव्हा कुठे शेजारणीने हात वर केला, मग आणखी कुणी, चोरट्यासारखा, खांद्याएवढाच. चहावाला म्हणाला, "मला मैदान हवं. गाड्या आल्या तर माझा चहा खपेल, खोटं कशाला बोलू?" लोक हसले, आणि त्याच्या बाजूनेही धडाधड हात वर झाले. मोजता मोजता शिवणवालीला घाम फुटला. दवाखान्याचे थोडेच जास्त भरले. पण जास्त भरले!

ती धावत बाहेर आली. मामंजी पायरीवर बसले होते.

"माझं मत राहिलं," ते म्हणाले.

ती आनंदाने वाकली. पोटच्या पोराचा दवाखाना, दुसरं काय म्हणणार?

"विरोधात," ते हळूच म्हणाले. "पाडा ती खोली. थोरल्याला त्या खिडकीतून दिवा मी स्वतः दिला होता. तो परत आलाच नाही. अजून ती खिडकी दिसते मला."

इतकी वर्षं एका घरात काढली, पण थोरल्या दिराबद्दल हे ती पहिल्यांदा ऐकत होती. तिला भडभडून आलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. आत जाऊन हे एवढं जरी बोलले, तरी सगळी खोली फिरेल.

म्हाताऱ्याला तिच्या तोंडावरूनच कळलं. "आत येत नाही मी," ते म्हणाले. "इथंच बसतो. पण माझा हात मोज."

ती आत गेली. "विरोधात आणखी एक," ती म्हणाली.

"कुणाचं मत?" बाईने विचारलं.

"मी मोजलंय," शिवणवाली म्हणाली. "तरी दवाखाना होतोय. लिहा."