इवल्या चिमणीचा खर्ज

स्पर्धेच्या सकाळी नाट्यगृहामागच्या व्हरांड्यात हेमांगीनं पोरांकडून 'सा' मागितला, तेव्हा जे काही आलं ते ऐकून कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं उठलं आणि लांब जाऊन झोपलं.

तिनं पुन्हा मागितला. पिंप्राळ्याच्या बालवृंदातली सगळी पोरं इमानदारीत तोंडं उघडून उभी होती. आवाज मात्र पत्र्यावरून लोखंडी खाट ओढल्यासारखा येत होता.

"काय खाल्लं रे?" हेमांगीनं विचारलं. म्हणजे विचारायला गेली. तिचाही घसा बसलेला, त्यामुळे नुसती हवा बाहेर पडली.

महिनाभर तिनं चिंच, बर्फाचा गोळा, शेवभाजीची तर्री आणि मॅच बघताना ओरडणं, या सगळ्यावर बंदी घातली होती. ती बंदी मोडली गेली असती तर तिला निदान रागावता तरी आलं असतं.

"काही नाही खाल्लं, ताई," मयुरी म्हणाली. मयुरी चौथीतली, पहिल्या रांगेतली. वृंदाच्या वतीनं बोलायचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, तरी ते तिच्याकडेच होतं. "ओरडलो पण नाही."

"मग कुठे गायलात?"

"कुठेच नाही. रविवारी कानबाई होती ना, तर रात्रभर कानबाईची गाणी म्हटली. त्याला काय गाणं म्हणतात का?"

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, सुरतेला नोकरीला असलेला काकासुद्धा त्या दिवशी घरी असतो, आणि रात्रीच्या जागरणात जो गप्प बसेल त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. हेमांगी स्वतः साक्रीला घरी जाऊन सोमवारी पहाटेपर्यंत गायली होती. परतीच्या बसमध्ये तर तिला बरंही वाटलं होतं, की चला, स्पर्धेआधी सगळ्यांच्या गळ्यांना दोन दिवस विश्रांती मिळाली.

स्पर्धा मंगळवारी ठेवणारा माणूस बाहेरगावचा असणार, हे उघड होतं.

नाट्यगृहात प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत लोटनआबा येऊन बसले होते. आबा कॉलनीचे अध्यक्ष आणि हास्य क्लबचे संस्थापक. कॉलनीचा हॉल एकच. शनिवारची संध्याकाळ पोरांच्या गाण्याला होती आणि ती आबांना हसण्यासाठी हवी होती. माणूस सरळ. त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "एक गानं शेवटलोंग म्हनी दखाडा. शनवार तुमना. नही जमनं तर आमना." गेल्या वर्षी एका पोराला मध्येच उचकी लागली होती आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबले होते, तेव्हा न थांबता शेवटपर्यंत गायची ही अट काही अगदीच हवेतली नव्हती. आणि पोरांकडे दुसरी जागा नव्हती. शनिवार गेला की वृंद गेला.

पडदा उघडला. निवेदकाचाही घसा बसलेला होता. पिंप्राळ्याच्या आधीचा संघ नेहमीच्या पट्टीत चढायला गेला आणि पहिल्याच अंतऱ्याला सगळे एकदम फाटले. त्यांच्या बाई हात हवेत ठेवून तशाच उभ्या राहिल्या. नंतर ती पोरं नमस्कार करून रडत उतरली.

विंगेत हेमांगी पेटीवाल्या ललितच्या कानाशी वाकली. "खाली घे."

"किती?"

"जिथे ही पोरं सापडतील तिथे."

ललितनं पोरांसमोर एकेक सूर दाबत उतरायला सुरुवात केली. काळी पाच, काळी चार. कुणी सापडेना. तो उतरत राहिला. "ताई, इथे बाप्ये गातात," तो पुटपुटला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी हुंकार दिला, मग शेजाऱ्यानं, आणि बघता बघता सगळा वृंद त्या सुरावर मांडी घालून बसला.

"लोक हसतील," मयुरी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"हसू दे. आपण थांबायचं नाही. माझा हात चालू आहे तोवर तुमचं तोंड चालू."

गाणं हेमांगीनंच रचलेलं होतं. पोरं रंगमंचावर उभी राहिली, केसांना रिबिनी, खिशाला रुमाल, आणि एकसाथ, निवृत्त फौजदारांच्या आवाजात सुरू झाली:

"मी इवली इवली चिमणी गं, मावते कुणाच्या मुठीत..."

नाट्यगृह हसलं. चांगलं पोटभर हसलं. एका परीक्षकानं चष्मा काढून डोळे पुसले. पोरांच्या माना खाली जाऊ लागल्या, पण हेमांगीचा हात चालू होता. चिमणी घरटं बांधत होती, काड्या वेचत होती, आणि हे सगळं विहिरीच्या तळातून ऐकू येत होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत हसणं दमलं. खाली, फार खाली, पोरांचे आवाज एकमेकांत असे मिसळले होते की हेमांगीच्या अंगावर काटा आला. वर्षभर वरच्या पट्टीत हे कधी जमलं नव्हतं.

मग मयुरीची एकटीची ओळ आली. तिनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पोरांनी तिच्याकडे बघितलं. थांबायची त्यांची जुनी सवय चेहऱ्यावर येऊ लागली.

हेमांगीनं हात थांबवला नाही. रिकाम्या हवेत ती ताल देत राहिली.

आणि ती ओळ पहिल्या रांगेतून आली. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतून. लोटनआबा डोळे मिटून गात होते. वर्षभर दर शनिवारी हॉलबाहेर, पोरं कधी उठतात याची वाट बघत बसून त्यांना सगळं गाणं पाठ झालं होतं. फक्त पट्टी कधी परवडली नव्हती. मागच्या रांगेनं आबांचा सूर उचलला, मग सगळ्यांनीच, आणि चिमणी शेवटपर्यंत जाऊन घरट्यात बसली.

टाळ्या पडल्या. त्यानंतर परीक्षकांनी नियम वाचून दाखवला की प्रेक्षकाची मदत घेणारा संघ बाद होतो. कुणी वाद घातला नाही.

व्हरांड्यात आबा आले.

"आबा, तुम्ही आम्हाला बाद केलं," मयुरी कुजबुजली.

"हा, पन गानं शेवटलोंग झायं ना? मंग शनवार तुमना." आबा जरा घुटमळले. हेमांगीकडे न बघता म्हणाले, "मना बी सूर लागी गया, बेटा. पयल्यांदाच. आते मी कोठे उभा ऱ्हाऊ?"

हेमांगीनं त्यांना दंड धरून उंचीप्रमाणे उभं करून बघितलं. मागच्या रांगेत ठेंगणे आबा दिसेनात. शेवटी दुसऱ्या रांगेत, सहावीतल्या पोरांच्या मधोमध, चपखल बसले.