बारीक दंडाचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. पण कमरेचा नव्हे, दंडाचा. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात आणि हवा भरली की टुम्म फुगतो, तोच मी. निळं कापड, आत रबरी पिशवी आणि टोकाला चिकटपट्टी, एवढ्या सामानातून एका कारखान्यात माझा जन्म झाला. यंत्र, माझा थोरला भाऊ म्हणजे मोठ्या मापाचा पट्टा, आणि मी असे तिघे एकाच पेटीत बसून निघालो. जव्हारहून जीपने आदळत-आपटत वांगणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या दवाखान्यात पोचलो.

माझ्या कापडावर 'लहान मुलांसाठी' अशी चिठ्ठी होती. तिनेच माझा घात केला. थोरला रोज दंडादंडांवर मिरवायचा आणि मी सहा वर्षं पेटीच्या तळाशी नुसता पडून. रंजना सिस्टर दर शनिवारी पेटी पुसायच्या, मलाही झटकायच्या आणि परत खाली ठेवायच्या. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

मग एका दिवाळीनंतर शहरातून डॉक्टर तन्मय आले. आसपासच्या पाड्यांवर तीन वर्षांत सात जणांच्या अंगावरून वारं गेलं होतं. पन्नाशीही न गाठलेली कामाची माणसं एका बाजूने लुळी पडली होती. असं का होतं, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. थोरला कामाला लागला. पंधरा दिवसांत दोनशे चाळीस दंड मोजून झाले आणि बहुतेक सगळे आकडे ठणठणीत निघाले! डॉक्टर चक्रावले. "डोंगरात रक्तदाब वाढलेला नाही, असंच लिहावं लागणार," ते म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. मी तिथेच, हाताच्या अंतरावर होतो.

शेवटच्या दिवशी काळी नावाची बाई आली. भात-नागली घरात आली होती आणि काळी आता शिमग्यापर्यंत वीटभट्टीवर कामाला निघाली होती. दारात जीप उभी होती, नवरा बाबल्या टपावर बोचकी चढवत होता. थोरल्याने आकडा दाखवला, एकशे अडतीस. एकशे चाळीसच्या आत, म्हणून डॉक्टरांनी 'ठीक' लिहिलं.

"ठीक कसा, दादा?" काळी म्हणाली. "मना सकाळचा डोका जड लागं. डोल्यापुढं अंधारी येते. माझ्या दिराला, बुधालाबी असाच व्हायचा. मंग भट्टीवरच पडला तो."

रंजना सिस्टरांनी तिच्या दंडाकडे पाहिलं. हंडे आणि मोळ्या वाहून वाहून वाळलेला तो बारीक दंड! थोरल्याने त्याला जवळजवळ दोन वेढे घातले होते.

"डॉक्टर, पट्टा मोठा पडला तर आकडा कमी येतो, असं आम्हाला शिकवलं होतं."

"सगळ्यांना एकच पट्टा ठरलाय, सिस्टर. आता बदलला तर आधीच्या दोनशे चाळीसांचं काय?"

"ती मोजणी चुकली असेल तर?"

सिस्टरांनी पेटीच्या तळाशी हात घातला. मित्रांनो, तो हात माझ्यासाठी होता!

मला बघून काळी फणकारली, "पोरांचा हाय ना यो? मी काय पोर हाय?" बाहेर हॉर्न वाजला. "चल गं, जीपवाला थांबाचा नाय," बाबल्या दारातून ओरडला.

"थांबेल जीपवाला," सिस्टर कडाडल्या. "उद्या हिच्या अंगावरून वारं गेलं, तर भट्टीवरून कोण उचलून आणणार?"

बाबल्या खाली मान घालून पायरीवर बसला. मोजण्याआधी विसावा हवा, म्हणून सिस्टरांनी काळीला पाच मिनिटं शांत बसवलं. मग मी तिच्या दंडाला नेमका बसलो आणि माझ्यात हवा भरली. पहिल्यांदाच माझ्या अंगाखाली एक माणूस धडधडत होतं. एकशे अठ्ठावन्न! पुन्हा मोजलं, एकशे छप्पन.

डॉक्टरांनी कागदावरचं 'ठीक' खोडलं. मग म्हणाले, "टेप आणा. आधी प्रत्येकाच्या दंडाचा घेर मोजू." चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आणि ते त्यांच्याकडे होतं. बाबल्याने बोचकी उतरवली आणि काळीची जीप रिकामी गेली. तिला गोळ्या सुरू झाल्या आणि आठवडाभराने ती सोबत गोळ्यांची पुडकी घेऊन कामाला गेली. इकडे आम्ही पाडे पालथे घातले, निघालेल्या जीपगाड्या अडवल्या. आधी 'ठीक' ठरलेल्यांपैकी एकतीस जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. एकतीस माणसं! डॉक्टरांनी आपल्या अहवालात पहिलीच ओळ लिहिली, 'आमचा पट्टा चुकला होता.' आता आजूबाजूच्या दवाखान्यांतही आधी दंड मोजतात, मग पट्टा निवडतात. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं सिस्टर मला चिडवतात आणि मी खुशाल फुगतो.

शिमग्याला भट्टीवरची माणसं घरी परतली. काळी आली ती दंड पुढे करूनच. "मना पोरांचाच लाव, बाय." आकडा आला एकशे सव्वीस. ती हसत उठली, होळीच्या नाचाला गेली. माझा ऊर भरून आला.

आता माझी चिकटपट्टी झिजली आहे, सिस्टरांनी मला दोनदा टाके घातले आहेत. मित्रांनो, जुना झालो म्हणून मला फेकून दिलंत तरी माझा राग नाही. फक्त माझ्या मापाचा दुसरा पेटीत आल्याशिवाय फेकू नका. बारीक दंडाची माणसं उद्याही येतील, आणि त्यांना कुणी चुकून 'ठीक' म्हणायला नको.