मुंडीचा मान

बुरुलाय खासदार म्हणून निवडून आली आणि नारिनच्या कोर्टातल्या वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ही बाई उलटतपासणीला उभी राहिली की भल्याभल्यांची बोबडी वळायची. आता ती थेट राजधानीत, बिश्केकच्या संसदेत चालली होती, आणि तिथल्या मंत्र्यांची त्यांना मनापासून कीव येत होती.

बुरुलाय स्वतः मात्र एकाच माणसाला घाबरत होती. सकाळी शपथेसाठी निघायचं आणि वडिलांचा आशीर्वाद नाही. थोरल्यांनी ओंजळ पसरून दुवा दिल्याशिवाय तिथे कुणी मेंढरं घेऊन डोंगरावरसुद्धा जात नाही, आणि ही तर देशाचे कायदे करायला निघालेली. पण असानकादिर म्हातारा पाच वर्षं लेकीशी बोलत नव्हता. त्याच्या भावकीनं एका विधवेचं कुरण बळकावलं होतं आणि विधवेची वकील होती बुरुलाय. तिनं भर कोर्टात बापाला पिंजऱ्यात उभं केलं, खोदून खोदून विचारलं आणि खटला जिंकला. तेव्हापासून त्याच्या लेखी लेक मेली होती.

तरी त्या रात्री तिच्या चुलतभावानं, कुबातनं, घरी दिलेल्या निरोपाच्या मेजवानीला म्हातारा आला. खरं तर सायराकान आत्यानं त्याला ओढून आणलं होतं.

"तोंड बघ माझ्या भावाचं," आत्या बुरुलायच्या कानाशी लागली, "जसं काही घरावर जप्ती आलीय."

म्हातारा मानाच्या जागी बसून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पीत होता. लेकीकडे बघतही नव्हता.

तेवढ्यात कुबात उकडलेली मेंढ्याची मुंडी परातीत घालून आला आणि उत्साहाच्या भरात त्यानं ती थेट बुरुलायपुढे ठेवली.

"घे ताई. आता तू खासदार. पहिला मान तुझा."

बाप हयात असलेल्यानं मुंडीला सुरी लावायची नसते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. बापासमोर ती लेकीला देणं म्हणजे त्याला जिवंतपणी पुरणं. असानकादिरनं गुडघ्यावर हात टेकला आणि तो उठायला लागला. हा आता गेला की कायमचा गेला, हे बुरुलायला कळलं.

"कुबात, चुकलास तू," ती म्हणाली. "हा मान ज्याचा बाप गेला त्याचा. माझा बाप आहे."

तिनं परात दोन्ही हातांनी उचलली आणि म्हाताऱ्यापुढे जाऊन गुडघे टेकले.

"बाबा, तुमच्या लेखी मी मेले असेन. माझ्यासाठी तुम्ही आहात. तुम्ही उठून गेलात तर ही मुंडी अशीच गार होईल, मी हात लावणार नाही."

"घे रे बाबा," आत्या म्हणाली, "मागच्या वेळी हिच्याशी वाद घालून काय मिळालं तुला?"

कुणीतरी फिसकन हसलं. म्हाताऱ्यानं मिशीत हसू दाबलं, पण ते दबेना. तो परत बसला. त्यानं सुरी घेतली, मुंडीचा कान कापला आणि लेकीपुढे धरला.

"पोरांना कान देतात, ऐकायची सवय लागावी म्हणून. खा. तिकडे गेल्यावर लोकांचं ऐकत जा."

पाच वर्षांतलं हे त्याचं लेकीशी पहिलं बोलणं होतं.

"आणि जीभ?" कुबातनं विचारलं.

"जीभ तिला नको. आहे तेवढीच देशाला पुरून उरेल."

हसून हसून लोकांचे डोळे भरले. बुरुलाय कान चघळत ढसाढसा रडत होती, आणि इतकी खूश ती निकालाच्या दिवशीसुद्धा नव्हती.

मग म्हाताऱ्यानं ओंजळ पसरली. सगळ्यांनी पसरल्या.

"वाट सुखाची होवो," तो म्हणाला. मग तो खाकरला. "आणि खरं बोलताना समोर कुणीही असो, अगदी बाप असला तरी, माझी लेक मागे न हटो."

"ओमीन," म्हणत सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. म्हाताऱ्याचे हात मात्र बराच वेळ चेहऱ्यावरच राहिले.