बटणांचा डाव

लॅपटॉपवरच्या तक्त्यातला तो चौकोन पुरता हिरवा नव्हताच. वरचा भाग हिरवा, खाली नखाएवढी राखाडी पट्टी. म्हणजे हे चार पत्ते हाती आले तर बहुतेक वेळा बोली वाढवायची, पण अधूनमधून निमूटपणे टाकूनही द्यायचे. त्यानं ते डोक्यात बसवलं, बोट पुढच्या चौकोनावर नेलं... रविवारची दुपार, अर्धा ओढलेला पडदा, आणि आतल्या खोलीत सासऱ्यांच्या पेपरची सळसळ.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या त्याच्यासारख्याला पाव नंबराची चूक खपत नाही, त्यातलंच हे असेल. एरवी पत्त्यांचं वेड त्याचं नव्हतं, सासऱ्यांचं होतं. लग्न होऊन तो या घरात राहायला आला तेव्हा दोघांना बोलायला विषयच नसायचा. शिंपीकाम सोडून घरी बसलेला मितभाषी म्हातारा आणि तो, समोरासमोर बसून पंख्याकडे बघत राहायचे. मग एका रविवारी सासऱ्यांनी गड्डी आणि बटणांचा डबा काढला. खेळाचं नाव ओमाहा, पोकरचाच एक प्रकार, पण ते म्हणायचे 'चारपानी' : हातात चार पत्ते, त्यांतले दोनच वापरायचे, तीन टेबलावरचे घ्यायचे. बोली बटणांची, कोटाचं बटण सगळ्यांत मोलाचं. पत्ते वाटले की सासरे त्याला 'तू' म्हणायचे, आणि गड्डी मिटली की पुन्हा 'जावईबापू'. तो दुपारपुरता 'तू' त्याला — मला — किती हवासा होता, ते तेव्हा कुठं कळलं...

सासरे वाईट खेळायचे. हातात राणी आली की पत्ते म्हणून टाकायचे नाहीत. दारात आलेल्या बाईमाणसाला परत कसं पाठवायचं, असं म्हणत बटणं पुढे सरकवायचे, हरायचे आणि हसायचे. तोही काही शहाणा नव्हता. थापा मारायच्या, पकडल्या जायच्या. मग दुकानातल्या एकानं त्याला हा तक्ता दाखवला. चार-चार पत्त्यांचे लाखो हात रंगीत चौकोनांत बसवलेले, प्रत्येकाचं उत्तर तयार. उत्तर समोर असताना चुकत कशाला राहायचं? तो जिंकायला लागला. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण एका डावानंतर त्यानं लॅपटॉपच टेबलावर आणून ठेवला आणि सासऱ्यांचा हात त्यात शोधून दाखवला, हे बघा बाबा, राखाडी. राणी असली तरी बाकीचे तीन पत्ते एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, हा टाकायलाच हवा. किती आपुलकीनं सांगितलं होतं! सासऱ्यांनी मान पुढे काढून पाहिलं, "असं होय," म्हणाले, आणि बटणं डब्यात भरायला लागले.

पुढच्या रविवारी म्हणाले, हल्ली डोळे दुखतात, पत्ते नीट दिसत नाहीत. आणि यानं काय करावं? त्यांना दुकानात नेलं, नंबर काढला, स्वतःच्या हातानं भिंगं घासून नवा चष्मा करून दिला. त्या चष्म्यातून सासरे रोज पेपर वाचतात, अगदी छोट्या जाहिरातींसकट... पत्त्यांचं नाव काढत नाहीत.

बायको चहा ठेवायला आली. लॅपटॉपवरच्या रंगांकडे बघून तिनं विचारलं, "पण खेळणार कुणाशी आहेस?" टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

चहा तसाच ठेवून तो आतल्या खोलीत गेला. "बाबा, बसायचं का?"

सासऱ्यांनी पेपर खाली केला. उठून कपाटातून गड्डी आणि बटणांचा डबा काढला.

डाव सुरू झाले. पत्ता उचलायचा अवकाश, की रंग दिसायचा; नको म्हटलं तरी दिसायचा. मग एका डावात त्याच्या हाती इस्पिकचा एक्का आणि नव्वी, टेबलावर तीन पत्ते इस्पिकचेच; पाचही इस्पिक, सहसा न हरणारा हात. सासऱ्यांनी कोटाची सगळी बटणं पुढे लोटली. त्यांच्याकडे एवढं काही नसणार, हे त्याला लख्ख कळत होतं. विचार केल्यासारखं करून त्यानं पत्ते पालथे टाकले. गेलो, म्हणाला.

सासऱ्यांनी हात लांबवून ते पत्ते सुलटे केले. एक्का पाहिला, नव्वी पाहिली.

"जन्मभर लोकांची मापं घेतली मी," ते हलकेच म्हणाले. "कोण पोट आत ओढून उभा आहे, ते कळतं मला. हरलो असतो तर काही वाटलं नसतं. हे करू नका."

करू नका... पत्ते समोर असताना.

माफी मागावी, तर कशाची? जिंकल्याची, शिकवल्याची, की आत्ताच्या या दयेची? पूर्वी कसा खेळायचो मी? तेव्हाही असेच पत्ते येत असणार, पण ते बघून झाले की नजर वर जायची — समोरच्या भुवईकडे, ओठांच्या कोपऱ्याकडे — आणि तिथं जे दिसेल त्याच्या भरवशावर बटण पुढे जायचं. निम्म्या वेळा फसायचं.

सासऱ्यांनी पत्ते पिसले, पुन्हा वाटले. त्यानं उचलले, आणि विचारायच्या आत उत्तर हजर झालं. त्यानं पत्ते खाली ठेवून वर पाहिलं. समोरचा चेहरा थकलेला होता, रागावलेला होता, की नुसताच वाट बघत होता... सांगता येईना. इतके महिने या चेहऱ्यासमोर बसूनही त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. काय खेळायचं ते पक्कं ठाऊक होतं. कुणाशी, ते नव्हतं. ओशाळा होऊन तो तसाच बघत राहिला, आणि उठून जावंसं मात्र त्याला वाटेना.