कॉफीच्या टंबळरात तूरिगा

मी एक जुना स्टीलचा टंबळर, म्हणजे कॉफीचा पेला आहे. तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, अनिरुद्धरावांच्या घरी राहतो. त्यांच्या सासूबाई वेंकूबाईंनी लेकीच्या, म्हणजे राजलक्ष्मीबाईंच्या लग्नात आम्हा सहा भावंडांना आंदण दिलं. मित्रांनो, तीस वर्षं मी कॉफीचा फेस इमानेइतबारे सांभाळला. मग एकदा मी आणि माझा थोरला भाऊ मोरीत पडलो. दोघांना पोचे आले, आणि राजलक्ष्मीबाईंनी आमची रवानगी मोहरीच्या डब्यात केली.

गेल्या पोंगलला त्यांची लेक लावण्या पोर्तुगालहून आली. तिनं तांबड्या वाईनच्या दोन बाटल्या आणि चार नाजूक काचेचे पेले आणले. अनिरुद्धराव हरखले. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ते! रविवारी दुपारी त्यांनी चिदंबर आणि वेंकटरमण या जुन्या मित्रांना बोलावलं. दोघंही वर्षाकाठी कुणाच्या लग्नात घोटभर घेणारे.

पेले हातात दिले, पण पिऊ देईनात.

"आधी फिरवा. आता हुंगा. ही तूरिगा जातीची द्राक्षं."

"तूर?" चिदंबर म्हणाले. "तुरीची दारू?"

वेंकटरमण खो खो हसले. अनिरुद्धराव भडकले. "जन्मभर टपालावर शिक्के मारणाऱ्याला चव काय कळणार!"

चिदंबरांनी पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि ते निघून गेले.

रोज संध्याकाळी अनिरुद्धराव आणि चिदंबर मिळून शिवगंगा बागेत फिरायला जात. त्या आठवड्यात अनिरुद्धराव एकटेच गेले आणि लवकर परतले. त्याच रागात त्यांनी पेले समईसारखे चिंचेने खसाखसा घासले. चारही फुटले.

पुढच्या रविवारी राजलक्ष्मीबाईंनी चिंच आणि डाळ घालून वांग्यांची रसवांगी केली. "अहो, हा डबा आणि ती दुसरी बाटली घेऊन चिदंबरांकडे जा. भाषण मात्र घरी ठेवून जा."

"पण पेले?"

"माझ्या चांगल्या टंबळरात दारू? अय्यो! ते पोचे आलेले दोन न्या."

अशी आमची मोहरीतून सुटका झाली!

चिदंबरांनी दार उघडलं, पण 'ये' म्हणाले नाहीत.

"चुकलं माझं, चिदंबरा."

चिदंबरांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हुंगायचं आहे का?"

"नाही रे. जेवायचं आहे."

पानात भात आला, त्यावर रसवांगी आली. चिदंबरांनी एक घास घेतला, माझ्यातून एक घोट घेतला, आणि पुन्हा भात वाढून घेतला.

"अनिरुद्धा, आंबटाबरोबर ही झकास लागते की! परवा उपाशीपोटी पाजलीस, म्हणून काढ्यासारखी लागली."

आम्लांवरचं अख्खं व्याख्यान अनिरुद्धरावांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यात भाताचा मोठा घास कोंबला.

मित्रांनो, माझी एकच विनंती. भांडं वापरलं की लगेच विसळा. वाईनचा डाग वाळला की फार घासावं लागतं. त्या दुपारी मात्र मला कुणीच विसळलं नाही. दोघं ओसरीवर हसत बसले होते, आणि मी तांबड्या तळाने तसाच सुखात पडून होतो.