चवथीच्या तारखेची नोटीस

कागदावर लिहिलं होतं, जयरामने दोन वर्षं गोव्यात पाऊल टाकायचं नाही. जयराम म्हणजे आमचे हे, सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवतात. संपात चार शब्द मोठ्याने बोलले, तेवढ्यावर गुंड ठरले. मूळचे सावंतवाडीकडचे ना, मग बाहेरचे. आणि मी इथल्याच, गोव्यातल्या धारगळची लेक, माझा घोव बाहेरचा कसा हो? पण त्या वर्षी जो तो भाषेवरून नि राज्यावरून भांडत होता, आमचं कोण ऐकतो.

पोलिसांनी यांना पत्रादेवीच्या सीमेवरच्या नाक्यापलीकडे नेऊन सोडलं. दर रविवारी मी डबा घेऊन जायचे. हे पलीकडच्या चहाच्या टपरीवर जेवायचे आणि घास हातात धरून अलीकडच्या रस्त्याकडे बघत राहायचे. मला ते बघवत नसे.

वकील म्हणाले, हुकमाआधी नोटीस देऊन माणसाचं म्हणणं ऐकावंच लागतं. कागद काढले तर नोटीस दिलेली. 'सुर्ला येथील राहत्या घरी हातात दिली, सही करण्यास नकार.' खाली सगुण हवालदाराची सही. सुनावणीला आला नाही म्हणून हद्दपार. मी तारीख बघितली आणि माझं डोकंच फिरलं. ती चवथ होती, गणेश चतुर्थी.

चवथीला भाड्याच्या खोलीत कोण राहतो? खाणीवरचा प्रत्येक माणूस आपापल्या गावी गणपतीपुढे असतो. आम्हीही सावंतवाडीकडे यांच्या घरी होतो.

पणजीला अपिलाच्या दिवशी वकिलांनी हेच सांगितलं. अपील ऐकणारे साहेब म्हणाले, घरच्यांची साक्ष काय धरायची, आणि घड्याळ बघू लागले. सगुण हवालदार समोरच उभा. मी उठले.

"सगुणभाऊ, चवथीला तुमच्या घरी गणपतीची पूजा कोणी केली?"

वकिलांनी मला खाली बसायची खूण केली. साहेबांनी मात्र पेन खाली ठेवलं. सगुण घरातला थोरला, बाप गेल्यापासून पूजा त्याचीच, आणि पूजेला बसणारा त्या दिवशी घर सोडून नोटिसा वाटत फिरत नाही. देवाच्या बाबतीत खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"हांवेंच केली," तो म्हणाला.

"मग नोटीस कधी दिली?" साहेबांनी विचारलं.

"पाच दिवसांनी गेलो. दाराला कुलूप होतं. नोटिशीपासून सुनावणीपर्यंत सात दिवस भरायला हवे होते, म्हणून तारीख मागची घातली."

हुकूम रद्द झाला. माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला घराबाहेर काढायचा अधिकार कुणालाच नाही, असं साहेबांनी लिहून दिलं. मी तो कागद प्लास्टिकात घालून ट्रंकेत ठेवला. हे कामावर गेले. पुढे गोव्याचं राज्यही झालं, सुर्ल्यात पेढे वाटले.

मग पुन्हा चवथ आली. मी पिशव्या भरल्या, पोरांना नवे कपडे घातले. हे उंबऱ्यावर बसून होते.

"तू पोरांक घेवन जा," म्हणाले. "मी हय रवतंय. दार बंद दिसाक नको."

मी ट्रंक उघडून तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो वाचला, नीट घडी घालून मला परत दिला आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. मला रडू आलं आणि रागही आला. गोव्याबाहेर नाही ठेवता आलं सरकारला, पण आमच्या गणपतीच्या घरातून यांना काढलंच. पोरं विचारत होती, बाबा कधी निघणार. मी त्यांना घेऊन बसस्टॉपवर गेले.